आधी विचारा, शेण उचलतं कोण

एका तरुण पशुधन विकास अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न असा: 'नागपूर जिल्ह्यात आम्ही गावोगाव बैठका घेतो. बायोगॅस, कंपोस्ट, संतुलित आहार, गोठ्याची स्वच्छता, सगळं सांगतो. लोक माना डोलावतात, फॉर्मही भरतात, पण वर्षभराने पाहिलं तर उकिरडा तिथेच. पशुपालकाने पर्यावरणाला कमी त्रास देणारी पद्धत उचलावी, यासाठी नेमकं कशाने फरक पडतो? शिक्षणाने, अनुदानाने, की कायद्याच्या धाकाने?'

या तिन्हींनी थोडाथोडा पडतो. पण माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात गुरांमागे फिरण्यात गेली आहे, आणि मी नव्या माणसाला आधी एकच गोष्ट सांगतो. ज्या घरात जाल तिथे रोज सकाळी शेण कोण उचलतं ते पाहून घ्या. तुमच्या बैठकीला घरचा मालक येतो. सातबारा त्याच्या नावाचा, अनुदानाच्या कागदावर सही त्याची, फोटोत उभा तो. शेणाची पाटी मात्र बायकोच्या नाहीतर सुनेच्या डोक्यावर असते. तुमची 'स्वच्छ पद्धत' तिच्या सकाळीत अर्धा तास घालते की अर्धा तास काढते, यावर ती टिकणार की नाही हे ठरतं. आणि तिला तर बैठकीचं आवतणच नव्हतं.

बायोगॅसचं उदाहरण घ्या. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं, आणि तेवढंच पाणी. पूर्ण क्षमतेने चाललं तर महिन्याला दोनाला थोडे कमी एवढे सिलिंडर वाचतात. कागदावर याच्यासारखा सौदा नाही. आता मे महिन्यात काटोल-नरखेडकडच्या एखाद्या घरी जा. तिकडे संत्र्यापायी बोअर खोल खोल गेलेत, विहिरी तळाला लागलेल्या असतात, आणि पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन-चार खेपा. ते पाणी शेणात ओतायचं, कुंडीत हाताने कालवायचं, त्यातल्या काड्या, कुटार, गोटे वेचून काढायचे (ते राहिले तर नळी चोंदते), मग बोळा काढून आत सोडायचं. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की गॅस निम्म्यावर येतो, कारण आतल्या जिवाणूंना 30-35 अंशांची ऊब लागते. एका बाईने मला सरळ सांगितलं होतं, 'ग्यास बरी येते जी. पन शेन-पानी कालवाले मीच, अन् शेगडी पेटली नाही तवा बोलनं खाले बी मीच.' त्यातच 2016 पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आलं. ते महाग असेल, पण त्याची शेगडी खटका फिरवला की पेटते. बंद पडलेल्या संयंत्रांचा पंचनामा करताना आपण 'जनजागृतीचा अभाव' असं लिहून मोकळे होतो. जागृती भरपूर होती. बाई रोजच जागी होती, पहाटे साडेचारला.

जिथे संयंत्र टिकलेलं दिसतं, तिथे बहुधा या कष्टावर काहीतरी उपाय निघालेला असतो. गोठ्याला फरशी आणि उतार असा, की शेण फावड्याने ओढलं तर थेट कुंडीत पडतं. पाण्याऐवजी काही भाग गोमूत्र वापरलं जातं. कालवायला हाताने फिरवायचा पंखा बसवलेला असतो. आणि गावात किंवा शेजारच्या गावात घुमट दुरुस्त करता येणारा गवंडी असतो. 1984 साली आलेलं 'दीनबंधू' हे जमिनीखालच्या घुमटाचं मॉडेल स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण घुमटाला केसाएवढी भेग गेली तरी गॅस उडून जातो आणि नेहमीच्या गवंड्याला ती सापडत नाही. अनुदानात बांधकामाचे पैसे असतात. तिसऱ्या वर्षी गवंड्याला बोलवायचं तर मात्र खिशात हात घालावा लागतो.

अशीच गत नाडेपची. ही तर आपल्या विदर्भाचीच देणगी: पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी दिलेली दहा बाय सहा बाय तीन फुटांची जाळीदार विटांची टाकी. पद्धत उत्तम, कमी शेणात भरपूर खत. पण टाकी भरायची ती एक-दोन दिवसांत, एकदम, थरावर थर देऊन. गोठ्यातलं शेण मात्र रोज पाटी-पाटीने निघतं. ज्याच्याकडे शेतातला काडीकचरा भरपूर आणि जनावरं थोडी, त्याला नाडेप शोभतो. आठ म्हशींच्या गोठ्याला तो गैरसोयीचा. आपण दोघांनाही तीच टाकी वाटून दिली, आणि मग मी पाहिलेल्या कितीतरी टाक्यांत सरपण रचलेलं नाहीतर कोंबड्या कोंडलेल्या दिसल्या. यात शेतकऱ्याचा आळस शोधू नका.

आता पैशाकडे येतो, कारण 'शेतकऱ्याला फायदा दाखवा' हे वाक्य सगळेच म्हणतात आणि हिशेब कुणीच मांडत नाही. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे वीस किलोच्या वर. म्हणजे एका पोत्याची बरोबरी करायला चार टन शेणखत हवं, आणि ते पोतं सरकारी दरात 266 रुपये 50 पैशांना मिळतं. चार टन खत भरायचं, बंडीने किंवा ट्रॉलीने न्यायचं, वावरात पांगवायचं, याची मजुरीच त्याच्या कितीतरी पट होते. जो अधिकारी 'शेणखत वापरा, युरिया वाचेल' म्हणतो, त्याचं गणित शेतकऱ्याने मनातल्या मनात कधीच खोडलेलं असतं. स्वस्त युरिया हा उकिरडा सुधारण्यातला सगळ्यांत मोठा अडथळा आहे, आणि तो काही आपल्या बैठकीतून हलणारा नाही.

मग खताला किंमत मिळते कुठे? संत्र्याच्या बागेत. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातला बागायतदार शेणखत घेतो ते नत्रासाठी नाही. जमीन भुसभुशीत राहावी, पाणी धरावं, सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळावीत आणि झाड दहा-पंधरा वर्षं तगावं, म्हणून घेतो. आणि तो चोखंदळ असतो. बागवाला ढिगावर चढतो, टिकास किंवा सळई आत खुपसतो, तळातलं मूठभर खत काढून दाबतो. हात शेणाने बरबटला किंवा वास मारला तर माल कच्चा. मग तो बोटांनी चाळून पाहतो, पांढरी, अर्धवर्तुळात वळलेली अळी दिसते का. ही हुमणी, पिकाची मुळं खाणारी. कच्च्या खतातून हुमणी वावरात येते ही धास्ती सोयाबीनवाल्यापासून संत्र्यावाल्यापर्यंत सगळ्यांना आहे. दुसरी धास्ती गाजरगवताच्या बियांची. ढीग नीट रचला, ओलावा राखला, पालटला, तर आत 55-60 अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक तणबिया मरतात.

हा मुद्दा मी बैठकीत वापरतो आणि तो लागू पडतो. पावसात उघड्या ढिगातून काय वाहून जातं, अमोनिया किती उडतो, नाल्याचं पाणी कसं नासतं, हे सगळं खरं आहे. पण 'झाकलेल्या, पालटलेल्या खताला बागवाला दोन पैसे जास्त देतो आणि अळी निघाली तर ट्रॉली परत करतो' एवढं सांगितलं की माणूस उठून ताडपत्रीचा भाव विचारतो. पर्यावरणाचं काम तिथे आपसूक होतं. शक्य असेल तर एखाद्या बागवाल्यालाच बैठकीला आणा. गिऱ्हाईक स्वतः माल नापसंत करताना पाहणं हे तुमच्या दहा तक्त्यांना भारी आहे. मात्र हे सगळीकडे चालत नाही. मौदा-रामटेककडे धानाचा पट्टा, तिथे बाग नाही, खताला असा गिऱ्हाईक नाही. तिथे हीच युक्ती घेऊन गेलात तर लोक ऐकून घेतील आणि चहा पाजून पाठवतील.

भाव मिळाला की माणूस बदलतो, याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी, छत्तीसगडमध्ये झाला. 2020 च्या जुलैपासून गोधन न्याय योजनेत सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. रस्त्यावरचं शेणसुद्धा लोक गोळा करू लागले. पण खरेदीदार सरकार होतं, बाजार नव्हता, आणि सरकार बदलल्यावर ती योजना थंडावली. याउलट गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकारियापुऱ्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघरी लहान बायोगॅस बसवून त्यातली स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा राबडा, विकत घेण्याची घडी घातली. गॅस घरात, स्लरीचे पैसे हातात. मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की त्यात काही सगळंच नवं नव्हतं. दूध घालायला ज्यांच्याकडे रोज जाताच, त्याच रस्त्याने शेणाचेही पैसे येतात. आपल्याकडे मदर डेअरीची संकलन केंद्रं विदर्भातल्या गावांत आहेत, फॅट-एसएनएफप्रमाणे (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक मोजून) पैसे खात्यात जमा होतात, त्या मोजमापावर लोकांचा विश्वास बसला आहे. कोणतीही नवी पद्धत आणायची तर ती या केंद्रावरून येऊ द्या. पशुपालक आपल्या दवाखान्यात जनावर आजारी पडल्यावर येतो. दूध केंद्रावर तो दिवसातून दोनदा येतो, आणि शेजाऱ्याच्या पावतीवरची फॅट किती लागली हे वाकून पाहतो. ते वाकून पाहणं हेच खरं विस्तारकार्य.

शहरातल्या गोठ्यांची कथा वेगळी आहे. तिथे तीन अडचणींची गाठ बसली आहे: जागा, वाहतूक आणि मालकी. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे गवळी आहेत. त्यांच्या गोठ्यांभोवती शहर वाढलं, उकिरड्याची जागा गेली. ताज्या शेणात ऐंशी टक्के पाणी असतं; एक टन शेण शहराबाहेर नेणं म्हणजे आठशे लिटर पाणी भाड्याच्या गाडीने नेणं. मग पाइप लावून गोठा धुतात आणि सगळं गटारात. गटारातून नाग नदी, तिथून कन्हान, तिथून वैनगंगा आणि गोसेखुर्दचं धरण. गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला गोसेखुर्द दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर नागनदीत जे जातं त्यात शेणाच्या आधी शहराचा मैला मोजावा लागेल. गवळ्याला हे ठाऊक असतं. 'आमचंच शेन दिसते का तुमाले?' हा त्याचा सवाल खोडून काढणं अवघड आहे, आणि तसा प्रयत्नही करू नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढच्या वर्षी त्या सुधारल्या. शेण-मूत्र गटारात किंवा नदीत सोडायचं नाही, ते कंपोस्ट, बायोगॅस अशा मार्गाने लावायचं, पाणी बेताने वापरायचं, हे सगळं त्यात आहे. कायदा हवाच. पण दंडाची पावती हाती देताना शेण न्यायची गाडीही दारात उभी नसेल, तर माणूस एवढंच करतो की दुपारी धुवायचा गोठा पहाटे तीनला धुतो. धाकाने वेळ बदलते, वाट बदलत नाही.

मालकीचंही तेच. एका गवळ्याला मी हौद बांधायचा आग्रह करत होतो, तो हसून म्हणाला, 'जागा दुसऱ्याची, मंग हौद कायले बांधू जी?' भाड्याची जागा, कधीही उठावं लागेल ही भीती, आणि मुलगा बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत लागलेला. पुढे गोठा चालवणार कोण याचं उत्तर ज्या घरात नाही, तिथे दहा वर्षं चालणारं बांधकाम कुणी करत नाही. वयस्क लोक नवं स्वीकारत नाहीत असं अहवालांत वाचायला मिळतं. मला तरी वयापेक्षा वारस महत्त्वाचा वाटतो. सत्तरीचा म्हातारा, पण नातू गोठ्यात रमतो, तिथे मी मिल्किंग मशीनपासून स्लरीच्या टाकीपर्यंत सगळं आलेलं पाहिलं आहे. पण जिथे वारस नाही किंवा जागा भाड्याची, तिथे ताडपत्री, चाकाची हातगाडी, हलवता येणारी बायोगॅसची पिशवी, असं उचलून नेता येणारं सुचवा. सिमेंटचं नाव काढू नका.

मिथेनबद्दल थोडक्यात. गाय-म्हैस रवंथ करताना जो वायू ढेकरेतून सोडते, तो दिसत नाही, त्याचा वास नाही, आणि पशुपालकाचं त्याने काहीही बिघडत नाही. त्याच्यापुढे हवामानबदल मांडण्यात अर्थ नाही. पण तोच वायू म्हणजे ढेपेतून आणि कडब्यातून विकत घेतलेली आणि तोंडावाटे उडून गेलेली ताकद आहे, हे त्याला पटकन कळतं. आहार संतुलित केला की दर लिटर दुधामागे मिथेन कमी होतो आणि खुराकाचा खर्चही. धानपट्ट्यात तर सोपी गोष्ट आहे: शंभर किलो तणशीला (धानाच्या पेंढ्याला) चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून तीन आठवडे हवाबंद झाकायचं. तणस मऊ होते, जनावर आवडीने खातं, पचनही सुधारतं. यात युरियाचं प्रमाण मोजून घ्यावं लागतं. मुठीने अंदाज घेतला तर विषबाधा होऊन जनावर दगावतं, आणि गावात एक जनावर दगावलं की ती पद्धत त्या गावातून पंधरा वर्षं हद्दपार. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः तराजू घेऊन उभे राहा.

आता एक उलटं उदाहरण, जे या चर्चेत कुणी आणत नाही. डायक्लोफेनॅक, हे ताप-वेदनेवरचं औषध. मेलेल्या गुरांत हे औषध राहिलं की ते खाऊन गिधाडं मरतात, हे सिद्ध झाल्यावर 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. 2015 मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या, कारण त्या गुरांना वापरल्या जात होत्या. 2023 मध्ये त्याच कारणाने केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. यात पशुपालकाला फारसं पटवावं लागलं नाही. त्याच्या गाईचा ताप उतरतो का, एवढंच त्याला हवं होतं. गिधाडांना न बाधणाऱ्या मेलोक्सिकॅमने तो उतरला. बदलायचे होते ते आम्ही डॉक्टर, गावातले खासगी उपचार करणारे आणि औषध दुकानदार. आज 2024 पासून आपल्याच जिल्ह्यातल्या पेंचमध्ये लांब चोचीची गिधाडं आणून सोडण्याचं काम सुरू आहे, आणि त्या भागातल्या दुकानात कोणती बाटली मिळते यावर त्यांचं भवितव्य अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक वेळी 'पशुपालकाची मानसिकता' शोधत बसण्याआधी पाहावं, की हा बदल दुकानाच्या फळीवर, ढेपेच्या पोत्यात किंवा आपल्याच चिठ्ठीत करता येतो का. येत असेल तर शेतकऱ्याच्या दारात जायचं कामच नाही.

शेजाऱ्याचा प्रभाव असतोच. तो प्रगतिशील शेतकऱ्याचा नसतो, एवढं ध्यानात ठेवा. ज्याच्याकडे वीस संकरित गाई आणि दारात ट्रॅक्टर, त्याच्याकडे सहल नेली तर लोक म्हणतात, 'त्याचं काय बाप्पा, त्याले जमते.' आपल्यासारख्याच तीन जनावरांच्या माणसाने केलेलं पाहिलं तरच हात शिवशिवतात. कुक्कुटपालनात हा शेजार उलट्या बाजूने काम करतो. शेडमधल्या माश्या गावात शिरल्या, ग्रामसभेत आरडाओरडा झाला आणि ना हरकत दाखल्यावर प्रश्न आला, की आठ दिवसांत विष्ठेवर चुना पडतो आणि पाण्याच्या गळत्या बंद होतात.

अनुदानाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून रोजगार हमीच्या पैशात गोठा आणि नाडेप दोन्ही मिळू शकतात, त्यातल्या पक्क्या गोठ्याचा उपयोग खरा आहे. फरशी आणि मूत्राची नाली झाली की जनावर कोरडं बसतं, दगडी (कासेची सूज) कमी होते, बाईचं झाडणं सोपं होतं, आणि मूत्र एका टाक्यात जमतं. जनावर जे नत्र बाहेर टाकतं त्यातला मोठा हिस्सा मूत्रातच असतो, जो मातीच्या गोठ्यात जमिनीत मुरून वाया जातो. म्हणजे पैसे गोठ्याला लावले की खताचं निम्मं काम उरकतं. पण फक्त संयंत्राला दिलेलं अनुदान बरेचदा संयंत्र बांधतं, चालवत नाही. तुमच्या हातात असेल तर बांधकामाच्या उद्दिष्टाऐवजी तिसऱ्या वर्षी चालू असलेल्यांची नोंद ठेवा, मग ती वरिष्ठांनी मागो न मागो.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एवढंच सुचवतो. वेळ दुपारी अकराची ठेवू नका, तेव्हा फक्त रिकामे पुरुष येतात. दूध घालायच्या वेळी केंद्रावर उभे राहा, आणि बचत गटाच्या बैठकीत वीस मिनिटं मागून घ्या. अनुदानाचा फॉर्म पहिल्या भेटीत काढू नका. तो निघाला की बाकीचं बोलणं थांबतं. आणि मार्गदर्शन मेमध्ये करा, कारण उकिरडा उपसून वावरात न्यायचा तो रोहिण्यांच्या सुमारास, म्हणजे मेअखेरीस. जुलैत ताडपत्रीचं महत्त्व सांगायला गेलात, तर ढीग आधीच अर्धा वाहून गेलेला असेल आणि सगळे निंदणाला गेलेले असतील.